नळी फुटल्याची भरपाई मिळते, मग बुरशीची का नाही?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की गळक्या इमारती, धोकादायक इमारतींच्या याद्या आणि रखडलेले पुनर्विकास यांवर आपल्या वृत्तपत्रातून पुष्कळ लिहिले जाते, आणि ते आवश्यकच आहे. मात्र गळती थांबल्यावर किंवा पुराचे पाणी ओसरल्यावर घरात जी बुरशी धरते, तिच्यामुळे होणाऱ्या नुकसानीचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न चर्चेत क्वचितच येतो. गृहविमा असलेल्या घरात पाण्याची नळी फुटली तर भिंतीच्या दुरुस्तीचे पैसे मिळतात. पण त्याच पाण्याने पुढच्या काही दिवसांत भिंतीवर, कपाटात आणि गाद्यांवर धरलेली बुरशी बहुतेक वेळा ज्याची त्याला निस्तरावी लागते. डोंबिवलीतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव म्हणून सभासदांचे असे दावे मी जवळून पाहिले आहेत, आणि पॉलिसीचा मूळ मजकूर वाचल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की, ही उणीव विमा नियामकाला फारसा खर्च न येता आणि विमा कंपन्यांवर अवाजवी भार न टाकता दूर करता येईल. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे ‘आयआरडीएआय’ने, आगीचा विमा उतरवणाऱ्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक केले. पॉलिसी चांगली आहे, हे आधी मोकळेपणाने सांगितले पाहिजे. तिच्यातील भाषा जुन्या पॉलिसींच्या मानाने सोपी आहे. घराची रक्कम कमी लावली म्हणून दाव्यातून त्या प्रमाणात कपात करण्याची जुनी पद्धत तिने बंद केली. इमारत आणि घरातील सामान या दोहोंचा विमा घेतल्यास, सामानाची यादी न देताही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सामानाला संरक्षण मिळते. आग, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, पाणी साचणे, दरड कोसळणे, दंगल यांबरोबरच पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि नळ फुटणे किंवा भरून वाहणे हेही तिच्यातील विमित घटनांच्या यादीत स्वच्छ शब्दांत दिलेले आहे.

ही पॉलिसी यादीवर चालते. यादीतल्या घटनेमुळे नुकसान झाले तर भरपाई, यादीबाहेरच्या कारणाने झाले तर नाही. त्या यादीत ओल नाही, झिरपणे नाही आणि बुरशीही नाही. त्यामुळे गच्चीचा कोबा जुना होऊन वर्षानुवर्षे पाझरत राहिलेले पाणी, बाहेरच्या भिंतीच्या भेगांतून दर पावसाळ्यात आत येणारी ओल किंवा शेजारच्या न्हाणीच्या फरशीखालून हळूहळू उतरलेला ओलावा, आणि या सर्वांमुळे धरलेली बुरशी यांची भरपाई गृहविम्यातून मिळत नाही. याविषयी माझी काही तक्रार नाही. देखभालीअभावी हळूहळू होणारा बिघाड विम्याने भरून द्यायचा ठरवला, तर घराची काळजी घेणाऱ्याने न घेणाऱ्याचा हप्ता भरल्यासारखे होईल, आणि शेवटी सर्वांचेच हप्ते वाढतील. अशा गळतीसाठी दाद मागण्याची जागा वेगळी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या यांतून होणारी गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर गच्चीतून पावसाचे पाणी उतरून खराब झालेले छत आणि त्याचे प्लास्टरही संस्थेनेच करून द्यायचे असते. सदनिकेतील शौचालय, सिंक यांची अंतर्गत गळती मात्र त्या त्या सदनिकाधारकाने दुरुस्त करायची. इमारत नवी असेल, तर ‘रेरा’ या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत लक्षात आणून दिलेले बांधकामाचे दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करायचे असतात, आणि गळती व ओल त्यात येते. लोक या वाटा सोडून विमा कंपनीकडे धाव घेतात आणि नकार आला की विम्यालाच दोष देतात, हेही मी पाहिले आहे.

माझा प्रश्न त्या बुरशीविषयी आहे, जी विमित घटनेतूनच जन्माला येते.

आमच्या इमारतीतील एक उदाहरण देतो. निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या एक सभासद मे महिन्यात गावी गेल्या होत्या. त्यांच्या वरच्या सदनिकेत गीझरला पाणी पुरवणारी लवचिक जोडनळी रात्री निखळली आणि सकाळी कोणाच्या लक्षात येईपर्यंत पाणी वाहत राहिले. वरच्या घरातील मंडळींनी पाणी बंद केले, फरशी पुसली, खालच्या घराला कुलूप असल्याने बाईंना फोन केला. गाडीचे आरक्षण मिळून त्या परत आल्या तेव्हा दार उघडताच कोंदट वास आला. शयनगृहातील भिंतीतले कपाट न्हाणीघराच्या भिंतीला लागून होते. वरून उतरलेले पाणी त्या भिंतीतून खाली येऊन कपाटाच्या मागच्या प्लायवूडने शोषले होते. समोरून कपाट जसेच्या तसे दिसत होते. दार उघडून आम्ही साड्यांचे गठ्ठे बाहेर काढले, तेव्हा मागच्या फळीवर करड्या-हिरव्या रंगाची लव सर्वत्र पसरलेली दिसली, फळी बोटाने दाबली की आत जात होती, आणि सर्वांत खालच्या कप्प्यातील दोन रेशमी साड्यांच्या घड्यांवर काळे ठिपके उमटले होते. पलंगाच्या डोक्याकडील भिंतीवर प्लास्टरचे पोपडे सुटले होते आणि जिप्समच्या छतावर ताटाएवढा काळपट डाग होता.

बाईंकडे भारत गृह रक्षा पॉलिसी होती, इमारत आणि सामान दोन्हींची. कंपनीने नेमलेले सर्वेक्षक आले, सभ्यपणे वागले, फोटो काढून गेले. दाव्याचा निर्णय आला तो असा: नळी फुटणे ही विमित घटना मान्य, भिंतीचा गिलावा आणि तेवढ्या भागाचे रंगकाम यांची रक्कम मंजूर, कपाट, छताचा डागाळलेला भाग, साड्या आणि बुरशीनाशक प्रक्रिया यांचा खर्च नामंजूर, कारण बुरशी हे ‘कालांतराने झालेले, अप्रत्यक्ष स्वरूपाचे नुकसान’ होय. बाईंनी विचारलेला प्रश्न साधा होता: पाणी आले नसते तर बुरशी आली असती का? कपाट त्याच भिंतीला लागून बरीच वर्षे उभे होते आणि एकाही पावसाळ्यात त्याला काही झाले नव्हते.

त्या निर्णयामागे पॉलिसीतील ज्या अपवादाचा आधार असतो, तो मी मुद्दाम काढून वाचला. उत्पन्नाचे नुकसान, विलंबामुळे होणारे नुकसान, बाजारभावातील नुकसान आणि अन्य परिणामस्वरूप किंवा अप्रत्यक्ष नुकसान यांना संरक्षण नाही, असे तो अपवाद म्हणतो. या ओळीत ज्यांची नावे आली आहेत ती सर्व नुकसाने पैशाची आहेत: बुडालेली कमाई, गेलेला वेळ, उतरलेला भाव. कुजलेली फळी आणि डागाळलेली भिंत यांचा त्या पंक्तीशी संबंध नाही. ती घराची आणि सामानाची प्रत्यक्ष, डोळ्यांना दिसणारी हानी आहे. पॉलिसीचा मजकूर कंपनी तयार करते, ग्राहकाला त्यात अक्षर बदलता येत नाही. म्हणून शब्द संदिग्ध असतील तेव्हा त्यांचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावावा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी मान्य केलेले आहे. त्याचप्रमाणे अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. आणि नुकसानीचे कारण ठरवताना घटनांच्या साखळीतील शेवटचा दुवा न पाहता, जिच्यामुळे ती साखळी सुरू झाली आणि अखंड चालू राहिली ती प्रभावी घटना पाहायची, हा विमा कायद्यातील जुना नियम आहे. पाणी आले, ते प्लायवूडने शोषले, त्यातून बुरशी धरली. मध्ये दुसरे कोणतेही स्वतंत्र कारण आलेले नाही. कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे हे सगळे लिहून, प्लंबरचा दाखला आणि निखळलेली नळी यांच्या छायाचित्रांसह पाठवल्यावर बाईंना कपाटाची काही रक्कम मिळाली. बुरशी काढण्याच्या खर्चाचा रुपयाही मिळाला नाही. पत्रव्यवहार करायला सचिव आणि शेजारी नसते, तर कपाटाचेही पैसे मिळाले नसते असे मला वाटते, आणि मला खटकते ते हेच. हक्काची रक्कम मिळणे हे ग्राहकाच्या चिकाटीवर किंवा त्याला चांगले लिहिता येते की नाही यावर अवलंबून असता कामा नये.

या प्रश्नाला काळाची एक बाजू आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सदैव असतात. त्यांना फक्त ओलावा आणि खाद्य लागते. लाकूड, प्लायवूड, जिप्सम बोर्डवरील कागद, कापूस, पुस्तके, चामडे हे सारे त्यांचे खाद्य. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था नागरिकांना सांगते की ओले झालेले साहित्य २४ ते ४८ तासांत सुकवले तर बहुधा बुरशी धरत नाही, आणि घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी. कोकणात आणि मुंबई-ठाण्यात जुलै महिन्यात बाहेरच्याच हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. खिडक्या उघडल्या तरी घर सुकत नाही आणि बंद ठेवल्या तरी सुकत नाही. म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात नळी फुटली किंवा पाणी घरात शिरले, तर बुरशी हा जवळजवळ ठरलेला परिणाम आहे. तिला दूरचा, अनपेक्षित किंवा मालकाच्या हलगर्जीपणातून झालेला परिणाम म्हणणे आपल्या हवामानाकडे डोळेझाक करण्यासारखे आहे.

आता विम्याची घड्याळे पाहा. नियामकाने २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकांनुसार दावा नोंदवल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत मिळवायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत निर्णय द्यायचा. एरवी ही मुदत वाजवी आहे, किंबहुना पूर्वीच्या मानाने पुष्कळ सुधारलेली आहे. परंतु ओल्या घराच्या बाबतीत पहिले दोन दिवसच निर्णायक असतात. त्या दोन दिवसांत ग्राहकाला फोनवर सांगितले जाते की सर्वेक्षण होईपर्यंत काहीही हलवू नका, आणि दुसरीकडे विम्याचे सर्वमान्य तत्त्व त्याला सांगते की विमा नसता तर जशी घेतली असती तशी काळजी घेऊन नुकसान वाढू देऊ नका. त्याने गाद्या बाहेर टाकल्या तर पुरावा नष्ट केला म्हणतात. जागच्या जागी ठेवल्या तर त्यांवर धरलेल्या बुरशीला त्याचाच निष्काळजीपणा कारण ठरवतात. या कात्रीत सापडलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांना काय सल्ला द्यावा हे सांगणे खरोखर कठीण जाते.

एकाच घराची ही स्थिती, तर अख्खे गाव पाण्याखाली गेल्यावर काय होत असेल? २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा माझ्या आतेभावाच्या घरात मी काही दिवस मदतीला होतो. पूर ही पॉलिसीतील विमित घटना आहे, याबद्दल कोणताही वाद नव्हता. पण चिखल उपसून होईपर्यंत वीज आलेली नव्हती, त्यामुळे पंखे लावून भिंती सुकवणे शक्य नव्हते. आणि पाऊस चालूच होता. एकाच वेळी सगळ्या बाजारपेठेचे आणि घरांचे दावे आल्याने सर्वेक्षकांची वाट पाहावी लागणे स्वाभाविक होते. दिवाणखान्यातील सागवानी दिवाण धुऊन-पुसून वाचला, पण पुराची रेषा जिथपर्यंत होती त्याच्याही वर, जिथे पाणी पोहोचलेच नव्हते अशा कपाटांत आणि माळ्यावरच्या अंथरुणांत, नुसत्या दमट हवेने बुरशी धरली. पाणी लागलेल्या वस्तूंची यादी दाव्यात गेली. पाणी न लागता बुरशी धरलेल्या वस्तू यादीत लिहायच्या की नाही, हे सांगणारे कोणीही नव्हते.

या नुकसानीकडे रंगाचा एक हात देऊन मिटणारी बाब म्हणून पाहिले जाते, हेही चुकीचे आहे. काचेवर, फरशीवर किंवा धातूवर आलेली बुरशी पुसून जाते. सच्छिद्र वस्तूंच्या आत मात्र तिचे तंतू शिरतात. वरून पुसले तरी ओलावा मिळताच ती पुन्हा येते. म्हणून प्लायवूड, जिप्सम आणि गाद्या टाकूनच द्याव्या लागतात, आणि भिंतीचे प्लास्टर खरवडून, विटा सुकू देऊन, बुरशीनाशक लावून मगच नवा गिलावा करावा लागतो. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला तर पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटतात. सर्वेक्षक जेव्हा केवळ गिलावा आणि रंग एवढाच खर्च धरतो, तेव्हा तो अर्धवट दुरुस्तीचा खर्च धरत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील ओल आणि बुरशी यांविषयी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी त्यांचा संबंध त्यांत स्पष्टपणे मांडला आहे. लहान मुले आणि वृद्ध ज्या घरात आहेत, त्या घराला अर्धवट दुरुस्ती परवडत नाही.

विमा कंपन्यांची भीती मी समजू शकतो आणि तिला आधारही आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात एके काळी घरविम्याच्या मजकुरात नळांच्या गळतीतून आलेल्या बुरशीला बरेच व्यापक संरक्षण होते. ऑस्टिनजवळच्या ड्रिपिंग स्प्रिंग्ज येथील एका घराच्या प्रकरणात २००१ मध्ये ज्युरीने विमा कंपनीला ३ कोटी २० लाख डॉलर देण्यास सांगितले. त्यातील मोठा भाग दावा ज्या रीतीने हाताळला गेला त्याबद्दलची दंडात्मक भरपाई आणि मानसिक त्रासाबद्दलची रक्कम यांचा होता, आणि पुढे अपिलात ती सगळी रक्कम सुमारे ४० लाख डॉलरवर आली. त्या काळात बुरशीचे दावे इतके वाढले की कंपन्यांनी ती जुनी पॉलिसी विकणेच थांबवले. मात्र त्यानंतर तिथे जी घडी बसली ती आपल्याला उपयोगी आहे. आज तिथल्या बहुतेक घरविम्यांत बुरशी सरसकट वगळलेली असते, परंतु विमित अशा अचानक गळतीतून ती आली असेल तर एका ठरावीक मर्यादेपर्यंत तिचा खर्च मिळतो, आणि ती मर्यादा जास्तीचा हप्ता भरून वाढवता येते. पुराचे नुकसान तिथल्या नेहमीच्या घरविम्यात येतच नाही, त्यासाठी केंद्र सरकारचा वेगळा पूरविमा घ्यावा लागतो. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना २०१७ च्या हार्वे चक्रीवादळात हा फरक फार जवळून कळला. आपली पॉलिसी पूर आणि नळगळती दोन्ही एकाच छताखाली घेते, ही आपली जमेची बाजू आहे.

मला सर्वांत उल्लेखनीय वाटते ते असे की, हव्या असलेल्या तरतुदीचा साचा आपल्याच पॉलिसीत आधीपासून आहे. प्रदूषण आणि दूषितीकरण यांमुळे झालेले नुकसान भारत गृह रक्षा पॉलिसीत वगळलेले आहे. पण ते प्रदूषण विमित घटनेतूनच उद्भवले असेल तर ते वगळले जात नाही, असे तिथेच पुढे म्हटले आहे. तसेच चोरी ही या पॉलिसीत स्वतंत्रपणे येत नाही, परंतु विमित घटना घडल्यापासून ७ दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळेच चोरी झाली, तर तिची भरपाई मिळते. म्हणजे एका घटनेच्या पाठोपाठ येणारे दुसरे नुकसान मान्य करायचे आणि त्याला काळाची मर्यादा घालायची, हे नियामकाने चोरीच्या बाबतीत स्वीकारलेले आहे. भूकंपाने दार मोडले आणि तिसऱ्या दिवशी चोर शिरला तर कंपनी पैसे देते. पुराने भिंत भिजली आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरली तर का देऊ नये, याला मला तरी समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

तेव्हा आयआरडीएआयने प्रमाणित मजकुरात एवढीच भर घालावी की, विमित घटनेमुळे आलेल्या पाण्यातून अमुक दिवसांच्या आत धरलेल्या बुरशीचे नुकसान, घर सुकवण्याचा आणि बुरशी काढण्याचा खर्च धरून, दाव्याच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत देय राहील. मुदत ३० दिवसांची असावी असे मला वाटते, कारण गावी गेलेला माणूस परत येऊन कुलूप उघडेपर्यंत तेवढा अवधी सहज जातो. टक्केवारी किती असावी हे ठरवण्यासाठी कंपन्यांकडे दाव्यांची आकडेवारी आहे आणि ते काम त्यांचे आहे. वास्तुविशारद व सर्वेक्षकांच्या शुल्कासाठी दाव्याच्या ५ टक्के आणि राडारोडा हटवण्यासाठी २ टक्के अशा मर्यादा याच पॉलिसीत घातलेल्या आहेत, तशीच एक मर्यादा बुरशीसाठी घालता येईल. याच्या जोडीला, पाण्याच्या दाव्यात ग्राहकाने तारीख-वेळ दिसणारी छायाचित्रे आणि चित्रफीत काढून कंपनीला पाठवली की लगेच ओले सामान हलवण्याची आणि घर सुकवण्याची त्याला लेखी मुभा असावी, आणि तसे केल्याचा वापर पुढे त्याच्याविरुद्ध करता येऊ नये. मोबाइलवरून चित्रफितीद्वारे प्राथमिक सर्वेक्षण करणे आज कोणत्याही कंपनीला अवघड नाही. भिंतीतील ओलावा मोजणारे छोटे उपकरण सर्वेक्षकाने जवळ बाळगावे आणि ते आकडे अहवालात नोंदवावेत, म्हणजे ताजी ओल कोणती आणि वर्षानुवर्षांची कोणती यावरचे बरेच वाद जागीच मिटतील. जुन्या ओलीच्या भिंतीवर बहुधा पांढरे क्षार फुटलेले असतात, पोपड्यांचे आणि रंगाचे थरावर थर दिसतात. अनुभवी माणसाला हा फरक ओळखता येतो, फक्त तो नोंदवण्याची सक्ती हवी.

बँकांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. गृहकर्ज घेताना कर्जदाराकडून विम्याचा हप्ता घेतला जातो आणि त्याला वाटते की घराचा विमा झाला. पुष्कळदा तो त्याच्या आयुष्याचा, कर्जफेडीपुरता विमा असतो. घराशी त्याचा संबंध नसतो. घराचा असलाच तर तो फक्त इमारतीचा असतो, सामानाचा नसतो, आणि पॉलिसीचा कागद कर्जाच्या फाइलमध्ये राहतो. संस्थांचीही स्थिती फारशी वेगळी नाही. आदर्श उपविधी इमारतीचा आग आणि भूकंप यांपासून विमा उतरवायला सांगतात, आणि अनेक संस्था तेवढ्यावरच थांबतात, त्यामुळे गच्चीवरची टाकी फुटून चार मजल्यांत पाणी उतरले तर संस्थेच्या विम्यातून काही मिळेलच असे नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रत्येक संस्थेच्या सभासदांनी आपल्या इमारतीच्या पॉलिसीत पाण्याच्या टाक्या आणि नळ फुटण्याचा समावेश आहे का, एवढे तरी विचारावे.

मजकूर बदलेपर्यंत ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी अनुभवातून काही सुचवतो. पाणी दिसताच, बुरशी दिसण्याची वाट न पाहता, कंपनीला ई-मेलने कळवावे. पॉलिसीत दाव्याचा अर्ज देण्यासाठी नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. फुटलेली नळी, तुटलेला सांधा किंवा निकामी झालेला वॉल्व्ह टाकून देऊ नये. प्लंबरकडून नुसते बिल न घेता काय फुटले, कुठे फुटले आणि ते अचानक फुटल्याचे कसे दिसले, हे त्याच्या सहीने लिहून घ्यावे. संस्थेकडून घटनेच्या तारखेचे पत्र घ्यावे. टाकून द्यायच्या प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढावे आणि कुजलेल्या फळीचा एक तुकडा पिशवीत बांधून ठेवावा. दावा पूर्ण किंवा अंशतः नामंजूर झाला तर सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागावी, कारण नकाराचे खरे कारण बहुधा त्यातच असते. कंपनीने तक्रारीला महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, शुल्क लागत नाही आणि वकील द्यावा लागत नाही. आमच्या बाईंनी तिथे जायचे ठरवले आहे, आणि त्यांचा अर्ज मीच लिहून देत आहे.

आमच्या संस्थेने वर मांडलेल्या दुरुस्तीचे निवेदन हैदराबाद येथील आयआरडीएआयच्या कार्यालयाकडे पाठवले आहे. इतर संस्थांनी आणि ग्राहक संघटनांनी आपापल्या नावाने, आपापल्या इमारतीतील उदाहरणांसह अशीच निवेदने पाठवावीत, आणि आपल्या वृत्तपत्राने या विषयावर नियामक व सर्वसाधारण विमा कंपन्या यांची बाजू मागवून ती प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला नम्र,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव,
डोंबिवली (पूर्व)